उपरण्याखाली मोडलेला शब्द

आबांनी मला फसवलं. एकदा नाही, दोनदा. आणि दोन्ही वेळा उपरण्याखाली हात देऊन फसवलं.

ज्यांनी कापसाचा बाजार पाहिलेला नाही त्यांना यातलं पाप कळायचं नाही, म्हणून सांगतो. जळगावच्या बाजारात गाडीवरच्या कापसाचा भाव तोंडानं होत नसे. दलाल आणि घेणारा समोरासमोर उभे राहायचे, दोघांच्या हातांवर उपरणं पडायचं आणि आत बोटं बोलायची. भोवती गर्दी असली तरी कुणाला पत्ता लागत नसे. साक्षीदार नाही, कागद नाही. हात दाबून सोडला की सौदा पक्का. नंतर बाजार चढो की बसो, जो मागे फिरला त्याचा हात पुन्हा कुणी हातात घेत नसे. मी असोद्याहून पायी आलो, हमाली केली, आणि पुढे त्याच बाजारात दलाल म्हणून उभा राहिलो. माझी जीभ तिखट आहे, हे सगळं जळगाव सांगेल. पण उपरण्याखाली दिलेला शब्द मी कधी मोडला, असं सांगणारा माणूस मिळायचा नाही.

आबांना ही विद्या मीच शिकवली. त्यांनी ती माझ्यावरच चालवली.

हे सगळं आज उकरून काढायचं कारण, परवा धुळ्याला पोलीस लाइनीमागच्या मैदानावर तिरंगा लागला. मला मानानं बोलावलं होतं. भाषण करणारे गृहस्थ म्हणाले, "याच मैदानावर आपण गोऱ्यांना आधी एकदा धूळ चारली होती. त्या सामन्यातले आपले थोर गोलकीपर आज इथं बसले आहेत." टाळ्या पडल्या. माझ्या गळ्यात हार आला. मी नमस्कार केला, हसलोही. पण आतून जळत होतो. मी गोलकीपर नव्हे. मी सेंटर फॉरवर्ड. त्या एका दुपारपूर्वी मी जन्मात कधी गोलात उभा राहिलो नव्हतो, नंतरही राहिलो नाही. तरी आख्खा खानदेश मला गोलकीपर म्हणतो, आणि याला एकच माणूस जबाबदार आहे.

आबा धुळ्याच्या एका शाळेत ड्रिल मास्तर होते. खाली खाकी अर्धी चड्डी, वर काळा कोट, कोटावर पांढरं उपरणं आणि बगलेत छत्री. ही छत्री कुणी उघडलेली पाहिली नव्हती. पाऊस आला की आबा भिजायचे आणि छत्री भिजू नये म्हणून कोटाच्या आत धरायचे. छत्रीनं ते मैदान मोजायचे, छत्रीनं मातीत रेघा ओढायचे, ऐकत नसलेल्या पोराला छत्रीच्या मुठीनं गळपट्टीला धरून ओढायचे. विचारलं तर म्हणायचे, "हाई उघडाकरता नही शे."

बोलायचे सगळ्यांशी अहिराणीतच. शाळेचे हेडमास्तर पुण्याकडचे, त्यांना फार त्रास व्हायचा. एकदा गोरा इन्स्पेक्टर शाळा तपासायला आला. पोरं मैदानभर धावत होती. साहेबानं इंग्रजीत विचारलं, मुलं रांगेत का नाहीत? आबा म्हणाले, "रांगमा मुंग्या चालतस, साहेब. पोरे खेळतस." साहेबानं हेडमास्तरांकडे पाहिलं. हेडमास्तरांनी घाम पुसला आणि सांगितलं की, शिस्त हळूहळू सुधारत आहे.

गंमत म्हणजे या माणसानं स्वतः कधी चेंडूला पाय लावला नव्हता. तरी धुळ्यात फुटबॉलमधला शेवटचा शब्द आबांचा. "डोकं पहिले, पाय मंग," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पाय ते बघतच नसत. माणूस बैलगाडीतून उतरताना आधी सामान खाली देतो की स्वतः उडी मारतो, हे बघायचे. गरम चहा बशीत फुंकतो की तसाच पितो, हे बघायचे. आणि त्यावरून ठरवायचे, हा बॅक, हा हाफ, हा घरी बसायच्या लायकीचा. लोक हसायचे. पण त्यांनी उभी केलेली टीम क्वचितच हरायची, म्हणून तोंडावर कुणी हसत नसे.

एकदा काही कामानं जळगावला आले आणि दुपारभर माझ्या शेजारी बाजारात उभे राहिले. उपरण्याखालचे हात बघत होते. बाजार उठल्यावर म्हणाले, "भो, माले हाई शिकाड."

मी म्हटलं, "आबा, तुमाले कापूस इकायचा आहे का घ्यायचा आहे?"

"कापूस गया खड्डामा. पोरे चारचौघात खरं बोलतस नही. तोंडघाई फुशारकी मारतस, नही ते लाजतस. हात खरं बोलस."

मी शिकवलं. माणूस तल्लख, लगेच शिकले. जाताना मीच बजावलं, "आबा, एक ध्यानात ठेवा. इथं दिलेला शब्द फिरवायचा नाही." त्यांनी गंभीरपणे मान हलवली. ती मान मला अजून दिसते.

त्या हिवाळ्यात गोऱ्या पलटणीचा तळ धुळ्याबाहेर पडला होता. त्यांची फुटबॉलची टीम म्हणजे घोड्यांसारखी धिप्पाड माणसं, पायात लोखंडी नाळेसारखे वाजणारे बूट. आमचे निम्मे गडी अनवाणी खेळणारे. त्यांनी धुळ्याला हरवलं, भुसावळच्या रेल्वेवाल्यांना हरवलं आणि मग जळगावात येऊन आम्हाला असं तुडवलं की लोक शेवटी मोजायचे थांबले. फक्त एक गोल आमचा झाला. साऱ्या खानदेशात त्या पलटणीवर झालेला तो एकुलता एक गोल, आणि तो मी केला होता. हे वाक्य वाचणाऱ्यानं नीट लक्षात ठेवावं.

सामन्यानंतर चहा होता. त्यांचा कप्तान हसत हसत म्हणाला, "तुमचा आख्खा मुलूख एका टीममध्ये घाला. मग कदाचित खेळल्यासारखं वाटेल." आमच्यातल्या एका वकिलानं त्याचं मराठी करून सांगितलं आणि सगळ्यांचे कप बशीवर आपटले. तिथंच ठरलं. पूर्व खानदेश, पश्चिम खानदेश वेगळे नाहीत. एकच टीम, सगळी हिंदी माणसं, आणि सामना धुळ्याला.

ठरवणं सोपं होतं. अकरा माणसं कोण, यावर जे भांडण पेटलं ते विचारू नका. जळगावचे म्हणत, सेंटरच्या सगळ्या जागा आमच्या. धुळ्याचे म्हणत, मैदान आमचं, तर माणसंही आमचीच जास्त. शेवटी मीच म्हटलं, "निवड आबांवर सोपवा. वेडा माणूस आहे, त्याले कोणी फितवू शकत नाही." धुळ्याच्या मंडळींना वाटलं, मी आमचा हट्ट सोडला. मी काही सोडलं नव्हतं. आबा माझे शिष्य होते. माझा सौदा झालाच आहे, असं धरून मी निवांत होतो.

आबा निवडीसाठी आले ते मैदानावर नाही, असोद्याला आमच्या मळ्यात. निरोप आला, "बठ्ठास्ले भरीत खावाले बलाव." म्हणून सगळ्यांना बोलावलं. थंडीचे दिवस, वांगी भरलेली. पऱ्हाटीचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या काड्यांचा, जाळ केला, वांगी भाजायला टाकली, ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी आल्या. दोन्ही गावचे खेळाडू गोल करून बसले. आबा जाळाजवळ छत्री टेकून उभे. एकाएकी त्यांनी निखाऱ्यातलं एक वांगं फडक्यात उचललं आणि समोरच्याच्या अंगावर फेकलं, "झेल!"

मग एकेकाच्या अंगावर वांगी यायला लागली. वसंता धुळ्याचा नेहमीचा गोलकीपर, वकिलाचा मुलगा, उंच, सभ्य. त्यानं वांगं झेललं, "अरे अरे" केलं आणि पानावर ठेवून दिलं. गुलाबभाई, धुळ्याचा विणकर, बुजऱ्या स्वभावाचा. त्याच्या हाताला वांगं लागलं न लागलं तोच त्यानं ते ज्याचे हात रिकामे होते त्याच्याकडे उडवलं. बघितलंसुद्धा नाही. माझ्याकडे आलं ते सगळ्यांत मोठं, हिरवं, काट्याच्या देठाचं वांगं. माझ्या मळ्यातलं. हात पोळत होते.

आबा म्हणाले, "टाक."

मी म्हटलं, "कायले टाकू? माझं आहे."

"हात भाजी राहिना ना रे!"

"भाजू द्या."

सगळे हसले. गुलाबभाई म्हणाला, "दलाल है आबा, माल हातचा सोडणार नाही." मीही हसलो. आबा मात्र हसले नाहीत. ते माझ्या हातांकडे बघत राहिले. मला काय ठाऊक तिथंच माझा निकाल लागला होता!

भरीत झाल्यावर आबा बाजेवर बसले, मांडीवर उपरणं पसरलं आणि एकेकाला बोलावलं. हात उपरण्याखाली घालायचा. एक बोट म्हणजे गोलात, दोन म्हणजे बॅक, तीन म्हणजे हाफ, आख्खा पंजा म्हणजे फॉरवर्ड. आपल्याला कुठं खेळायचंय ते दाबून सांगायचं. आबांना पटलं तर ते तसंच परत दाबणार. चारचौघांत कुणाचा अपमान नको, कुणाची फुशारकी नको.

माझी पाळी आली. मी पंजा दिला, आणि वर मधलं बोट वेगळं दाबलं. मधला फॉरवर्ड, म्हणजे सेंटर. आबांनी पंजा दाबला. मधलं बोट दाबलं. हात सोडला.

सौदा झाला. मी घरी जाऊन पोटभर झोपलो.

धुळ्याला आम्ही चाळीसगावमार्गे गाडीनं गेलो. दुपारी मैदानाला माणसांचं कडं पडलेलं. साक्रीकडून लोक बैलगाड्या जुंपून आले होते. झाडांवर माणसं, भिंतींवर माणसं. एका बाजूला गोऱ्यांच्या खुर्च्या. आम्ही कपडे बदलत होतो आणि आबा आले. छत्रीनं एकेकाच्या छातीला टोचत जागा सांगायला लागले. छत्री गुलाबभाईवर थांबली. "सेंटर फॉरवर्ड."

मी म्हटलं, "आबा, चुकलं."

छत्री माझ्या छातीवर आली. "गोलमा."

माझं डोकंच फिरलं. "आबा, हे काय लावलं तुमी? मले गोलात? पंजा दाबला होता तुमी! मधलं बोट दाबलं होतं! बाजारात असं केलं असतं तर तुमाले उभं राहू दिलं नसतं कोणी!"

"हाऊ बाजार नही शे."

"त्या पलटणीवर गोल कोणी केला? सांगा, कोणी केला?"

"तूच करा."

"मंग?"

"मंग काय? गोल येकच करा. खावाले कितला लागनात?" गोल तू एकच केलास, पण खावे किती लागले, असा त्यांचा हिशोब.

वसंता बिचारा बाजूला उभा. त्याच्या डोळ्यांत पाणी की आनंद, मला कळेना. मी पिशवी उचलली. म्हटलं, मी चाललो जळगावला. आबा शांतपणे म्हणाले, "स्टेशनवर गाडी उभी शे. तुले जानं व्हई ते जाय. पन जावाना पहिले येक सांग. तुना हातमा येल वस्तू तू कधी कोणले सोडी का?"

मी पिशवी खाली ठेवली. पण मी तोंडानं भाव मागे घेणारा माणूस नव्हे, आणि फुकट काही देणाराही नव्हे. मी म्हटलं, "उपरणं काढा."

सारं मैदान वाट बघतंय, रेफरी घड्याळ बघतोय, गोरे चेंडू उडवतायत, आणि आम्ही दोघं कडेला उपरण्याखाली हात घालून उभे. मी एक बोट दाबलं, मग बोट आडवं ओढलं. बाजारात याचा अर्थ निम्मं. मग पंजा. म्हणजे निम्मा सामना गोलात, निम्मा पुढे. आबांनी एक बोट दाबलं, आडवं ओढलं, पंजा दाबला. हात सोडला. दुसरा सौदा.

पहिला अर्धा डाव कसा गेला ते मला सांगता येत नाही. एवढंच आठवतं की बूट येत होते आणि मी चेंडू धरत होतो. त्या काळी गोलकीपरला खांद्यानं धडक देऊन चेंडूसकट आत ढकलायला मुभा होती. गोऱ्यांचा तो हातखंडा. वसंता असता तर "सॉरी" म्हणून बाजूला झाला असता. मी आबांवर इतका संतापलो होतो की समोरून येणाऱ्या प्रत्येक गोऱ्याच्या जागी मला काळा कोट दिसत होता. त्यांनी काहीही केलं तरी गोल होईना. हाफटाइमला कुणाचाच गोल नाही. कडं करून उभी असलेली माणसं आता टाळ्या विसरून रेघेपर्यंत पुढे सरकली होती. त्यांना पहिल्यांदा वाटायला लागलं होतं की हे होऊ शकतं.

मी थेट आबांकडे गेलो. "निम्मा झाला. वसंताले पाठवा."

आबांनी छत्री आडवी धरली. "तुना निम्मा आजून सरना नही."

"सरना नही? घड्याळ पाहा!"

"घड्याळ रेफरीनं शे. तुना निम्मा मी सांगसू तव्हय सरी."

मी काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. हेडमास्तर शेजारीच उभे होते, ते दूर जाऊन उभे राहिले. गुलाबभाईनं मला दंडाला धरून गोलाकडे नेलं. चालता चालता तो म्हणाला, "भाऊ, एक सांगू? मी आबांना एकच बोट दिलं होतं. मला त्या बुटांची भीती वाटते. मला गोलात मागे राहायचं होतं. त्यांनी एक बोट दाबलं आणि मला सेंटरला घातलं."

म्हणजे या माणसानं मला एकट्याला फसवलं नव्हतं.

दुसऱ्या डावात गोरे चिडले. कप्तानाचं हसू गेलं होतं. शेवटी शेवटी उजवीकडून चेंडू उंच आला, मी उडी मारून छातीशी धरला, आणि त्याच क्षणी तिघं एकदम अंगावर आले. मला जमिनीवरून उचललं आणि मागे फेकलं. मी कोलांटी खाऊन, डोकं मैदानाकडे, गोलाच्या आत पालथा पडलो. पाठ आत, पाय आत, डोकं आत. एका बुटाचा भार माझ्या डाव्या हातावर आला आणि बोटातून काड् असा आवाज आला. पण हात मी डोक्यावरून पुढे ताणले होते, आणि दोन्ही हातांत चेंडू रेघेच्या बाहेर होता. मी आत, माल बाहेर.

गोऱ्यांनी हात वर करून ओरडायला सुरुवात केली. रेफरी रेल्वेतला, गोरा नाही, काळा नाही असा, पण माणूस सरळ. तो धावत आला, गुडघ्यावर बसला, रेघ पाहिली, माझे हात पाहिले. एक गोरा माझ्या हातातून चेंडू उपटायला बघत होता. मी सोडतोय होय! रेफरीनं मान हलवली. गोल नाही.

आणि तेवढ्यात कडेवरून आबांची आरोळी आली, सगळ्या मैदानाला ऐकू जाईल अशी, "आते सोड! सोड रे भो, सोड!"

आयुष्यात पहिल्यांदा हातातली वस्तू मी मनापासून सोडली. उठून अशी किक मारली की चेंडू गोऱ्यांच्या पुढे आलेल्या सगळ्या माणसांवरून गेला. पलीकडे एकटा गुलाबभाई. त्यांचा गोलकीपर माझी फजिती बघायला बराच पुढे आलेला. दोन बॅक बूट आपटत गुलाबभाईकडे सुटले. तो घाबरला, आणि घाबरल्यावर तो जे करायचा तेच त्यानं केलं. चेंडू पायाला लागला न लागला तोच सोडून दिला. न बघता. चेंडू त्या गोलकीपरच्या डोक्यावरून गेला, एकदा आपटला आणि सावकाश, चालत गेल्यासारखा, गोलात गेला.

त्यानंतर जो आवाज झाला तो मी पुन्हा ऐकला तो परवा, झेंडा वर गेला तेव्हा. झाडावरची माणसं खाली पडली तरी नाचत होती. बैल दाव्यांसकट उधळले. रेफरीनं शेवटची शिट्टी वाजवली ती कुणाला ऐकू आली नाही. कोण जळगावचा, कोण धुळ्याचा, कुणी बघत नव्हतं. गुलाबभाई एकाच्या खांद्यावर, मी दुसऱ्याच्या. मिरवणूक गावभर फिरली आणि गुलाबभाईच्या मोमीनवाड्यात बायकांनी गच्चीवरून आमच्यावर बत्तासे उधळले. गोऱ्यांचा कप्तान हात मिळवायला आला, आणि मी त्याला मुद्दाम तोच सुजलेला हात दिला.

आणि आबांनी छत्री उघडली. स्वच्छ ऊन होतं. सगळ्यांनी वर पाहिलं. आत कापड असं उरलंच नव्हतं, कसरीनं सगळी चाळण केली होती. त्या चाळणीखाली आबा मैदानभर नाचत होते आणि म्हणत होते, "जयगावनी नही, धुयानी नही, देशनी टीम शे हाई! देशनी!"

मी खांद्यावरून उतरून त्यांच्यासमोर गेलो. "आबा, जबाब द्या. दोन सौदे मोडले."

त्यांनी माझा डावा हात उपरण्याखाली घेतला, मोडलेलं बोट दोन्ही हातांनी झाकून धरलं आणि तसेच उभे राहिले. बाजारात या धरण्याचा काही भाव नाही. त्यामुळे तो जबाब मी मान्य केला नाही आणि करणार नाही.

ते बोट वाकडंच राहिलं. उपरण्याखाली डावा हात गेला की घेणारे अजून कुरकुरतात, "तुमचं बोट नीट लागत नाही, भाऊ." मी म्हणतो, त्या बोटात पलटण अडकली होती. हसतात आणि माझाच भाव घेतात.

आबा शेवटी आजारी होते तेव्हा मी धुळ्याला गेलो. बोलणं बंद झालं होतं. मी बाजेशेजारी बसलो आणि भांडायला सुरुवात केली. दुसरं काही सुचलं नाही. त्यांनी चादरीखाली माझा हात ओढला. पंजा दाबला. मधलं बोट दाबलं. हात सोडला, आणि डोळ्यांच्या कोपऱ्यातून असे हसले की मला लगेच कळलं, हा माणूस तिसऱ्यांदा फसवणार.

तर आबा, ऐका. गोरे गेले. झेंडा लागला. तुमची देशाची टीम जिंकली. माझी तक्रार अजून तिथंच आहे. मी वर येईन तेव्हा उपरणं नको, चादर नको, छत्री नको. तिथं जी काही टीम तुम्ही उभी करून ठेवली असेल तिच्या देखत, तोंडानं, मोठ्यानं सांगायचं: या टीमचा सेंटर फॉरवर्ड कोण? आणि मला गोलातच उभं करायचं हे तुम्हाला आधीच माहीत होतं, तर मग त्या दिवशी हात का दाबलात?

जबाब द्या, आबा. मी जबाब घेतल्याशिवाय तुमचा हात सोडणार नाही. मी सोडत नाही, हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक आहे?